वॉर्डाचा निकाल मतदानाआधी कुठे ठरतो? बेळगाव महापालिकेच्या 58 प्रभागांविषयी

बेळगाव महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली की शहापूर, वडगाव, अनगोळपासून चव्हाट गल्लीपर्यंत एकच चर्चा सुरू होते, आणि ती म्हणजे यंदा आपल्या वॉर्डातून कोण उभा राहणार. गल्लीतील पंच बैठक बोलावतात, इच्छुकांची समजूत घातली जाते, मराठी मते फुटू नयेत म्हणून एकच नाव ठरवण्याचा प्रयत्न होतो आणि तो कधी साधतो, कधी फसतो. ही सगळी धडपड महत्त्वाची आहे, परंतु ती बहुधा उशिरा सुरू होते. वॉर्डाच्या निकालाचा बराचसा भाग त्याआधीच तीन कागदांवर ठरलेला असतो: प्रभागाच्या हद्दीची अधिसूचना, आरक्षणाची यादी आणि मतदार यादी. मतदान झाल्यानंतरही एक चौथा कागद उरतो, तो म्हणजे महापौर निवडीच्या सभेची नोटीस. सीमाभागातील मराठी मतदार उमेदवाराकडे बारकाईने पाहतो, पण या चार कागदांकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. त्यामुळे हे कागद कसे तयार होतात आणि गेल्या काही निवडणुकांत त्यांनी काय घडवले, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

58 प्रभाग म्हणजे काय

बेळगावची नगरपालिका 1851 साली स्थापन झाली, म्हणजे ती मुंबई इलाख्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक होय. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा नगरपालिकाही त्या राज्याच्या कायद्याखाली आली. आजचे शहर मुळात एकसंध नव्हते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होते, किल्ला आणि कॅम्प लष्कराच्या ताब्यात होते, तर अनगोळ, वडगाव, कणबर्गी, बसवण कुडची, मजगाव ही शेतीवर जगणारी स्वतंत्र गावे होती. आज ती प्रभागांच्या यादीत क्रमांक म्हणून दिसतात, पण तेथील लोकांची मतदानाची सवय, पंचांचा मान आणि भावकीचे संबंध अजूनही गावासारखेच आहेत.

महानगरपालिकेचा कारभार कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976 नुसार चालतो. 2013 आणि 2021 या दोन्ही निवडणुका 58 प्रभागांत झाल्या. एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. महाराष्ट्रातील वाचकांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण तेथे मुंबई वगळता मोठ्या महापालिकांत एका प्रभागातून अनेक सदस्य निवडण्याची पद्धत चालत आली आहे आणि मतदार एकाच वेळी तीन-चार मते देतो. बेळगावात मतदाराला एकच मत असते आणि ज्याला सर्वांत जास्त मते मिळतात तो निवडून येतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. या एका नियमाचा मराठी मतदारांवर किती खोल परिणाम होतो, ते पुढे येईलच.

2011 च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 4 लाख 88 हजार होती. तिला 58 ने भागले की एका प्रभागात सरासरी 8 हजार 400 माणसे येतात. त्यांत मुले वगळून मतदार उरतात आणि त्यांतील प्रत्यक्ष मतदान करणारे आणखी कमी असतात. म्हणूनच महापालिकेची निवडणूक काही शे मतांच्या फरकाने फिरते आणि एखाद्या गल्लीचे इकडून तिकडे जाणे निकाल बदलू शकते.

कॅम्पमधील रहिवासी मात्र या 58 प्रभागांत येत नाहीत. तो भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असून त्याचे वॉर्ड, मतदार यादी आणि निवडणूक यांना 2006 चा केंद्रीय कॅन्टोन्मेंट कायदा लागू होतो. देशभरातील कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका 30 एप्रिल 2023 रोजी घेण्याचे जाहीर झाले होते आणि नंतर त्या रद्द करण्यात आल्या. बाजारपेठेतून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर नागरिकाचा मताधिकार एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जातो, ही बेळगावच्या नकाशाची खासियत आहे.

हद्द कोण आखतो

विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघांची आखणी स्वतंत्र परिसीमन आयोग करतो. महापालिकेच्या प्रभागांसाठी कर्नाटकात तशी स्वतंत्र यंत्रणा नाही. प्रभागांच्या हद्दी आणि आरक्षण राज्य सरकार अधिसूचना काढून निश्चित करते, तर मतदान घेण्याचे काम राज्य निवडणूक आयोग करतो. म्हणजे सामन्याचे मैदान सरकार आखते आणि पंच आयोग असतो. जो पक्ष राज्यात सत्तेवर असतो त्याला या आखणीत रस असणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच प्रारूप अधिसूचनेवर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद ठेवलेली आहे.

प्रारूप अधिसूचना म्हणजे कशी असते, ते एकदा हातात घेऊन पाहावे. प्रभागाचा क्रमांक आणि नाव दिल्यानंतर त्याची सीमा चारही दिशांनी शब्दांत वर्णन केलेली असते: अमुक रस्त्याच्या चौकापासून निघून तमुक नाल्यापर्यंत, तेथून अमुक मंदिराच्या मागील भिंतीलगत, पुढे अमुक सर्वे नंबरच्या बांधापर्यंत. वर्णन कन्नडमध्ये असते. रस्त्याची नावेही सरकारी दप्तरातील असतात, गल्लीतील माणूस ज्या नावाने रस्ता ओळखतो ती नव्हेत. एवढे वर्णन वाचून आपले घर नेमके कोणत्या बाजूला पडते हे सांगणे शिकलेल्या माणसालाही जड जाते. गल्लीचा रस्ताच सीमा धरला असेल तर डाव्या ओळीतील घरे एका प्रभागात आणि समोरची ओळ दुसऱ्या प्रभागात जाते. समोरासमोर राहणारे दोघे सख्खे भाऊ वेगवेगळ्या नगरसेवकांकडे पाण्याची तक्रार घेऊन जातात. त्यात गैर काही नाही, सीमा कुठेतरी पडायचीच. पण ती रेघ गल्लीच्या मधून जावी की मागच्या नाल्यावरून, हा निर्णय होत असताना त्या गल्लीतील कोणीही हजर नसावे, हे मला फार गंभीर वाटते.

2021 च्या निवडणुकीपूर्वी प्रभागांची पुनर्रचना झाली. मराठी वस्त्या तोडून इतर भागांना जोडल्या गेल्याची तक्रार त्या वेळी मराठी संघटनांनी केली, आणि हद्दी व आरक्षण यांवरचा वाद उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत गेला. अशा तक्रारीचा निवाडा भावनेवर होत नाही. कोणत्या प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त आहे, सलग वस्ती तोडली का, नैसर्गिक सीमा सोडून रेघ वाकवली का, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांसह द्यावी लागतात, आणि तीही हरकतीची मुदत संपण्यापूर्वी. राज्यघटनेच्या 243-झेडजी या कलमाने प्रभाग आखणीच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यावर कडक मर्यादा घातली आहे, आणि निवडणुकीची प्रक्रिया एकदा सुरू झाली की न्यायालये सहसा हात घालत नाहीत. म्हणून हरकतीचा अर्ज हीच खरी संधी असते. निकालानंतर काढलेल्या मोर्चाला हद्द बदलण्याचे बळ नसते.

वॉर्डाचा निवडणूक इतिहास शोधू पाहणाऱ्याची फसगतही येथेच होते. 2013 मधील एखाद्या क्रमांकाचा प्रभाग आणि 2021 मधील त्याच क्रमांकाचा प्रभाग यांची लोकवस्ती वेगळी असू शकते. क्रमांक तोच, पण निम्म्या गल्ल्या बदललेल्या. त्यामुळे "या वॉर्डात महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार आधी जिंकला आणि आता हरला" असे क्रमांकावरून म्हणणे चुकीचे ठरते. इतिहास क्रमांकाचा लिहिता येत नाही, तो वस्तीचा लिहावा लागतो. त्यासाठी दोन्ही वेळच्या अधिसूचनांतील सीमा जुळवून, त्या वस्तीतील मतदान केंद्रांचे आकडे केंद्रनिहाय पाहावे लागतात. हे काम किचकट आहे, पण एखाद्या मंडळातील दोन-तीन तरुणांनी मनावर घेतले तर आपल्या भागापुरते ते नक्कीच करता येते.

हद्दीला चिकटूनच मतदार यादीचा प्रश्न येतो. महापालिकेसाठी मतदार नव्याने नोंदवले जात नाहीत. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडली जाते. रेघ गल्लीच्या मधून गेलेली असेल तर यादी फोडताना घरे चुकीच्या बाजूला पडण्याची शक्यता वाढते. मग मतदानाच्या दिवशी एकाच कुटुंबातील वडिलांचे नाव एका शाळेत, सुनेचे दुसऱ्या शाळेत आणि मुलाचे कुठेच नाही, अशी अवस्था होते. सकाळी सातला आलेला माणूस दोन केंद्रे फिरतो आणि तिसऱ्या केंद्रावर न जाता कामावर निघून जातो. प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा ती घरक्रमाने तपासली, तर हा त्रास टळतो.

आरक्षणाची यादी आणि महापौरपदाची पाळी

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि नागरी संस्थांत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. कर्नाटकाने पुढे हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्याशिवाय अनुसूचित जाती आणि जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, तर मागासवर्गीयांसाठी "अ" आणि "ब" अशा दोन गटांत जागा राखीव असतात. महिलांचे आरक्षण या प्रत्येक गटाच्या आत लागू होते, म्हणून यादीत सामान्य, सामान्य महिला, मागासवर्ग अ, मागासवर्ग अ महिला अशी नावे दिसतात.

आरक्षण फिरते असते. आज सामान्य असलेला प्रभाग पुढच्या वेळी महिलांसाठी राखीव होतो, आणि पाच वर्षे तेथे काम केलेल्या नगरसेवकाला शेजारचा प्रभाग शोधावा लागतो. कायद्याने तशी मुभा आहे. शहराच्या मतदार यादीत नाव असलेली आणि 21 वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती आरक्षणाच्या अटीत बसत असेल तर शहरातील कोणत्याही प्रभागातून उभी राहू शकते. फिरत्या आरक्षणाने अनेक घरांतील महिला प्रथमच सार्वजनिक कामात आल्या, हे मोठेच पाऊल होय. त्यांतील कित्येकींनी पुढे स्वतःच्या बळावर काम केले. त्याच वेळी, नगरसेविकेच्या नावाने पतीने कारभार करण्याची प्रथाही आपण पाहतो, आणि ती मोडण्याची जबाबदारी मतदारांवर आहे. तक्रार घेऊन जाताना नगरसेविकेलाच भेटण्याचा आग्रह धरला तरी बराच फरक पडतो.

महापौर आणि उपमहापौर यांची पदेही राखीव असतात आणि ती दरवर्षी बदलतात. कोणत्या वर्षी कोणता प्रवर्ग, हे राज्य सरकार ठरवते. बेळगावच्या इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण 2018 चे आहे. 2013 साली निवडून आलेल्या सभागृहात मराठी गटाचे बहुमत होते आणि किरण सायनाक, सरिता पाटील, संज्योत बांदेकर हे मराठी गटाचे महापौर झाले होते. शेवटच्या वर्षासाठी महापौरपद अनुसूचित जमातीसाठी राखीव झाले. मराठी गटात त्या प्रवर्गाचा सदस्य नव्हता, म्हणून बहुमत असूनही महापौरपद बसप्पा चिक्कलदिन्नी यांच्याकडे, म्हणजे कन्नड गटाकडे गेले. यात कायद्याचा भंग झाला नाही. प्रश्न उमेदवारी ठरवण्याच्या वेळचा आहे: 58 जागांसाठी नावे ठरवताना प्रत्येक प्रवर्गातील मराठी भाषक कार्यकर्त्याला जागा दिली असती तर ही वेळ आली नसती. मराठी भाषा बोलणारी माणसे सर्व जातींत आहेत, हे आपण भाषणात म्हणतो. उमेदवारांच्या यादीतही ते दिसले पाहिजे.

गट, चिन्ह आणि फुटलेली मते

2021 पर्यंत बेळगाव महापालिकेची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नसे. उमेदवार कागदोपत्री अपक्ष असत आणि सभागृहात मराठी गट व कन्नड-उर्दू गट अशी विभागणी होई. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती या पद्धतीत सर्वांत मोठी शक्ती होती, आणि महापालिकेतील तिचे बहुमत हा सीमाप्रश्नाचा लोकशाही पुरावा म्हणून मांडला जात असे. याला अपवाद घडलेच नाहीत असे नाही. 1991 साली सिद्दनगौडा पाटील हे पहिले कन्नड भाषक महापौर झाले, म्हणजे गटांची सीमा तेव्हाही अभेद्य नव्हती.

अपक्षांच्या पद्धतीत एक कच्चा दुवा होता. कर्नाटकात स्थानिक संस्थांसाठी 1987 चा पक्षांतरबंदी कायदा आहे, परंतु त्याची खरी पकड पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्यावर बसते. अपक्षांच्या गटाला अधिकृत पक्षादेश काढता येत नाही. गटाची एकजूट शब्दावर आणि गल्लीतील मानावर टिकून होती. जोपर्यंत तो मान मोठा होता तोपर्यंत ते चालले.

3 सप्टेंबर 2021 रोजी मतदान झाले आणि 6 सप्टेंबरला मतमोजणी झाली. राष्ट्रीय पक्ष प्रथमच आपापल्या चिन्हांवर उतरले. 58 पैकी भारतीय जनता पक्षाला 35, काँग्रेसला 10 आणि एआयएमआयएम पक्षाला 1 जागा मिळाली. उरलेल्या 12 जागा अपक्षांकडे गेल्या आणि त्यांत समितीचे नगरसेवक मोजकेच होते. मतदान सुमारे 50 टक्के झाले, म्हणजे शहरातील प्रत्येक दुसरा मतदार घरी राहिला.

या निकालाची कारणे सांगताना अनेकदा एकच कारण पुढे केले जाते, परंतु मला त्यात किमान तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. पहिली, प्रभागांची नवी आखणी, जिच्याविषयी वर लिहिले. दुसरी, मराठी तरुण मतदारांचा एक मोठा भाग भाषेपेक्षा पक्षाच्या आणि धर्माच्या ओळखीवर मत देऊ लागला होता. 2018 च्या विधानसभेत समितीचा एकही आमदार निवडून न येणे ही त्याची आधीचीच खूण होती, कारण 2013 मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील हे समितीचे दोन आमदार विधानसभेत गेले होते. शिवाय भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्यांत मराठी भाषक पुष्कळ आहेत, त्यामुळे 2021 चा निकाल "मराठी माणूस हरला" एवढ्या एका वाक्यात बसत नाही. तिसरी गोष्ट निव्वळ गणिताची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल.

समजा, एका प्रभागात 6 हजार मतदार आहेत आणि त्यांतील 3 हजारांनी मतदान केले. एका पक्षाच्या उमेदवाराला 1 हजार 200 मते पडली. समितीच्या अधिकृत उमेदवाराला 950 आणि बंडखोराला 700 मते मिळाली. उरलेली 150 मते इतरांत वाटली गेली. समितीच्या विचाराची एकूण मते 1 हजार 650 झाली, म्हणजे निम्म्याहून अधिक. तरीही निवडून आला तो 40 टक्के मतांचा उमेदवार. हे आकडे समजावण्यापुरते कल्पिलेले आहेत, पण एकच जागा आणि सर्वाधिक मतांचा विजेता ही पद्धत असेल तेथे बंडखोरीची किंमत अशीच मोजावी लागते. महाराष्ट्रातल्यासारखा बहुसदस्यीय प्रभाग असता तर तीन-चार जागांत दोन इच्छुकांना सामावून घेता आले असते. येथे एका गल्लीतील दोन कर्तबगार माणसांपैकी एकाला थांबावेच लागते, आणि थांबणाऱ्याला पुढे कोणता मान मिळणार हे आधी ठरलेले नसेल तर तो थांबत नाही. पूर्वी हा हिशेब पंच मंडळी तोंडी ठेवत. आता गल्लीच्या बाहेर वैभवनगर, रामतीर्थनगर, महांतेशनगर अशा वसाहती वाढल्या आहेत, जेथे पंच ही संस्थाच नाही, आणि तोंडी हिशेब तेथे पोहोचत नाही.

पाच वर्षे कधीपासून मोजायची

नगरसेवकांची मुदत पाच वर्षांची असते, हे सर्वांना माहीत असते. ती कोणत्या दिवसापासून मोजतात, हे फार थोड्यांना माहीत असते. राज्यघटनेच्या 243-यू या कलमानुसार पाच वर्षे निकालाच्या दिवसापासून धरत नाहीत, सभागृहाच्या पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या तारखेपासून ती सुरू होतात. ही पहिली सभा महापौर निवडीची असते आणि तिची तारीख प्रशासन ठरवते. महापौरपदाच्या आरक्षणाचा घोळ मिटला नाही की सभा होत नाही, आणि सभा झाली नाही की निवडून आलेला नगरसेवक शपथेविना बसून राहतो.

बेळगावात हे सलग दोनदा घडले. मार्च 2013 मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांना महापौर निवडण्यासाठी 2014 चा मार्च उजाडावा लागला. त्यांची मुदत त्यामुळे 2019 च्या मार्चमध्ये संपली. पुढची निवडणूक सप्टेंबर 2021 मध्ये झाली आणि महापौर निवड 6 फेब्रुवारी 2023 रोजी, म्हणजे निकालानंतर जवळजवळ दीड वर्षाने. तेव्हा शोभा सोमनाचे महापौर झाल्या आणि रेश्मा पाटील उपमहापौर. हिशेब केला तर मार्च 2019 ते फेब्रुवारी 2023 अशी सुमारे चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. यांतील शेवटचे दीड वर्ष तर लोकांनी मत देऊन झाले होते. करोनाची साथ, न्यायालयातील याचिका, आरक्षणाचे घोळ ही कारणे खरी आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या प्रकरणात स्पष्ट सांगितले होते की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे हे आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे. चार वर्षांचा खंड हा कोणत्याही भाषेच्या नागरिकाचा हक्क हिरावणारा होता, आणि याविरुद्ध मराठी, कन्नड व उर्दू भाषक मतदारांनी एकत्र आवाज उठवायला हवा होता.

खंड पडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे सभागृह बरखास्त होणे. 2005 मध्ये विजय मोरे महापौर असताना सीमाभाग महाराष्ट्रात सामील करावा, असा ठराव महापालिकेने केला. बेंगळुरूत मोरे यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारने सभागृह बरखास्त केले. 1 नोव्हेंबर 2011 रोजी तत्कालीन महापौर मंदा बाळेकुंद्री राज्य पुनर्रचनेच्या निषेधार्थ पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत सहभागी झाल्या, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा बरखास्तीचा आदेश निघाला. बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक झाली पाहिजे, असे 243-यू सांगते. 2011 च्या बरखास्तीनंतर मतदान झाले ते मार्च 2013 मध्ये. लोकनियुक्त सभागृहाने मांडलेले मत सरकारला पटले नाही म्हणून 58 प्रभागांतील नागरिकांचे प्रतिनिधित्वच काढून घेणे मला अन्यायाचे वाटते. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे आणि तो तेथे प्रलंबित आहे. नळ, गटारी आणि दिवाबत्ती यांसाठी निवडलेले सभागृह त्यापायी बंद पडू नये.

निवडून आलेल्याच्या हाती काय उरते

नगरसेवक निवडून आल्यावर कोणते अधिकार मिळतात, याबद्दल मतदारांच्या अपेक्षा अनेकदा कायद्यापेक्षा मोठ्या असतात. महापालिकेची कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे असते आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. सभागृह अंदाजपत्रक मंजूर करते, घरपट्टीचे दर ठरवते आणि स्थायी समित्यांमार्फत कर व अर्थ, आरोग्य, नगररचना, हिशेब या विषयांवर देखरेख ठेवते. शहरातील बरीच कामे तर महापालिकेच्या बाहेरच होतात. नव्या वसाहतींचे आराखडे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे "बुडा"कडे असतात, मोठ्या रस्त्यांपैकी काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावची निवड झाल्यानंतर ती कामे स्वतंत्र कंपनीकडे गेली. राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी शहरात येते, पण चोवीस तास पाणी योजना ज्या काही प्रभागांत प्रथम प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, ते प्रभाग आणि उरलेले प्रभाग यांतील तफावत भरून काढणे एकट्या नगरसेवकाच्या आवाक्यात कधीच नव्हते.

तरीही नगरसेवक दुबळा नसतो. त्याला कागद वाचता आले पाहिजेत. सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि अंदाजपत्रक कन्नडमध्ये येते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के किंवा त्याहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राचे भाषिक अल्पसंख्याकविषयक धोरण सांगते, आणि घटनेच्या 350-ब कलमाखाली नेमलेल्या आयुक्तांकडे त्याविषयी दाद मागता येते. मराठी कागदपत्रांची मागणी ही म्हणूनच कायद्याच्या चौकटीतील मागणी आहे. मागणी मान्य होईपर्यंत मात्र कन्नड विषयपत्रिका वाचू शकणारा एखादा जाणकार प्रत्येक मराठी नगरसेवकाच्या मदतीला असलाच पाहिजे, कारण न वाचलेल्या ठरावावर उचललेला हात प्रभागाचे नुकसान करतो. प्रत्येक प्रभागात नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली दहा नागरिकांची वॉर्ड समिती नेमण्याची तरतूद कर्नाटकच्या कायद्यात आहे. त्यांत महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि रहिवासी संघांना जागा आहेत. निवडणूक न लढवता प्रभागाच्या कामात कायदेशीर स्थान मिळवण्याचा हा मार्ग मराठी मंडळांनी अजून पुरेसा वापरलेला नाही.

निपाणी आणि खानापूर येथील मतदारांसाठी कायदा थोडा वेगळा आहे. निपाणी नगरसभा आणि खानापूरची पट्टण पंचायत 1964 च्या कर्नाटक नगरपालिका कायद्याखाली येतात. निपाणीत 31 आणि खानापुरात 20 वॉर्ड आहेत. 2011 मध्ये खानापूरची लोकसंख्या वीस हजारांच्या आतच होती, म्हणजे एका वॉर्डात हजारभर माणसे. तेथे दोन-तीन भावक्या एकत्र आल्या तरी निकाल लागतो. अध्यक्षाची मुदत या संस्थांत 30 महिन्यांची असते, पण पदाच्या आरक्षणाचा वाद तेथेही तसाच चालतो. राज्यातील 105 नागरी संस्थांचे मतदान 31 ऑगस्ट 2018 रोजी झाले. त्यांत निपाणीही होती, आणि तेथे अध्यक्ष निवडला गेला तो 2020 च्या अखेरीस.

बेळगाव महापालिकेच्या सध्याच्या सभागृहाची पहिली सभा फेब्रुवारी 2023 मध्ये झाली, म्हणून त्याची मुदत फेब्रुवारी 2028 पर्यंत आहे. देशाच्या पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. हे आकडे हाती आल्यावर प्रभागांच्या हद्दी पुन्हा तपासण्याचा विषय निघेल, आणि तेव्हा हरकत नोंदवण्यासाठी जो पुरावा लागेल तो आतापासून जमवता येतो: 2021 च्या अधिसूचनेतील आपल्या प्रभागाची सीमा मराठीत लिहून तिचा गल्लीनिहाय नकाशा काढणे, केंद्रनिहाय निकाल मिळवणे आणि मतदार यादी घरक्रमाने तपासणे. प्रत्येक मंडळाने आपल्या एका प्रभागापुरते एवढे केले तर हरकतीच्या अर्जाला जोडण्यासाठी नकाशा तयार असेल.